लार्कमिलचं पाणी

॥ श्री ॥

सनीव्हेल, २४ ऑगस्ट १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घरातलं लेटरपॅड संपलं म्हणून हे पत्र बँकेच्या कागदावर लिहितोय. माथ्यावर जपानी नाव पाहून दचकू नकोस. जूनमध्ये नोकरी बदलल्याचं फोनवर सांगितलं होतं, पण फोनवर आपण हवा आणि तब्येती यांच्या पुढे कधी गेलोय? खरं बोलायचं ते कागदावर, ही आप्पांची शिस्त अजून अंगातून जात नाही.

सकाळी कॅलट्रेनने सॅन फ्रान्सिस्कोला जातो. सॅन ब्रुनोच्या पुढे धुकं लागतं. डोंगर, गोदामं, जाहिरातींचे फलक एकेक करून पुसले जातात, आणि मला रोज वाटतं, गाडी आता समुद्रावरूनच चालली आहे आणि पुढचं स्टेशन ओसाका. उतरतो तेव्हा नेहमीचंच स्टेशन असतं, पण ऑफिसात शिरल्यावर मात्र खरंच ओसाका.

इथे एकटा माणूस काहीच ठरवत नाही. कागद सगळ्यात खालच्या टेबलावरून, म्हणजे माझ्या, निघतो. प्रत्येकाने आपापल्या चौकोनात शिक्का मारायचा, मग कागद वरच्या मजल्यावर, मग टोकियोला. पाच-पाच आठवडे जातात. अमेरिकन गिऱ्हाइकं वैतागतात, पण एकदा हो म्हटलं की ते वीस वर्षांचं हो असतं. आणि नफा इतका बारीक धरतात की माझ्या जुन्या बँकेत तेवढ्यासाठी कुणी पेनाचं टोपणही काढलं नसतं. तिकडे घरोघरची माणसं अगदी कमी व्याजावर पैसे ठेवून निवांत असतात, त्यामुळे यांना ते परवडतं. आमचे साहेब इशिकावासान म्हणतात, आपण इथे राहायला आलोय, तीन महिन्यांचा हिशेब दाखवायला नाही.

मलाही शिक्का करून दिलाय, लाकडाचा, अंगठ्याएवढा. त्यांच्याकडे ‘ल’ नाही, म्हणून माझं नाव झालंय उरुहासु. पहिल्या दिवशी मी तो सरळ मारला. इशिकावासाननी मला खिडकीपाशी नेऊन हळू आवाजात सांगितलं की धाकट्याने आपला शिक्का डावीकडे, वरिष्ठाच्या शिक्क्याकडे, किंचित कलता मारायचा. म्हणजे नाव वाकून नमस्कार करतं. आता मी कलता मारतो.

सुमेधा तुझी आठवण काढते. तिच्या चिपच्या कंपनीने जपानी मालापुढे हात टेकलेत. आमटीत मीठ जास्त पडलं की मी समजतो, आज कुणाला तरी घरी पाठवलं.

बऱ्याच दिवसांत तुझं गणित तपासायला आलं नाही. पाठव. भाऊजींना नमस्कार, मृणालिनीला गोड पापा. तुझा लोभ देशाच्या या टोकापर्यंत पोचतो, तसाच पोचत राहावा.

तुझा
उल्हास

॥ श्री ॥

एडिसन, ९ सप्टेंबर १९८६

चि. उल्हास यास,
अ. उ. आ.

उरुहासु हे नाव मृणालिनीला इतकं आवडलं की तिने ते आपल्या नव्या गोल्डफिशला देऊन टाकलं. तो दिवसभर काचेला नाक लावून बसतो, म्हणजे नाव शोभतंय. आणि तुझं नाव वाकतं म्हणे! पाडव्याला आप्पांसमोर तुझी मान धरून वाकवावी लागायची. इतकी वर्षं मला पत्रात ‘सा. न.’ लिहितोस, पण आडवा झालेला तुला मी फक्त झोपेत पाहिलाय.

आता माझं. पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात लार्कमिल म्हणून चार हजार वस्तीचं गाव आहे. ऑगस्टमध्ये तिथल्या नळाला चहाच्या रंगाचं पाणी येतं. त्यांना नवा तलाव बांधायचाय, त्यासाठी लोकांकडून रोखे विकून पैसे उभे करायचेत. लोक म्हणतात, गाव लहान, आम्हाला एखाद्या मोठ्या बँकेची हमी हवी. ही हमी द्यायचं काम आमच्या खात्याचं. पण आमच्या बँकेने दक्षिण अमेरिकेतल्या सरकारांना दिलेली कर्जं परत येत नाहीत, आणि तेव्हापासून आमच्याच शब्दाचं वजन उतरलंय. हमी देणाऱ्याची हमी कोण देणार, असं लोक तोंडावर विचारतात. जानेवारीपासून सहा गावं हातची गेली. लार्कमिलही गेलं तर वर्षाअखेर खातं बंद, असं वरून स्पष्ट सांगण्यात आलंय.

आम्ही पाच जण आहोत. बाकीचे चौघे तरुण आहेत, कुठेही लागतील. मी काउंटरवर दुसऱ्यांच्या नोटा मोजण्यापासून सुरुवात केली. खिडकीजवळचं टेबल मिळायला अकरा वर्षं लागली, आणि आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे. खिडकीतून नदीचा अगदी छोटासा तुकडा दिसतो, दुपारी चारला तो पांढरा होतो. मला ती खिडकी सोडायची नाही, उल्हास. एवढं साधं आहे.

माझी पद्धत तुला माहीत आहे, गाव पाहिल्याशिवाय मी हमीच्या दराचा आकडा लावत नाही. साहेब हसतात, म्हणतात कागदावर सगळं असतं. तिथला खजिनदार व्हिटकम सत्तरीचा आहे, शाळेत गणित शिकवायचा. त्याने न बोलता नळाचं पाणी ग्लासात भरून माझ्यापुढे ठेवलं. मी ते पिऊन टाकलं. मग त्याने कपाट उघडून चाळीस वर्षांच्या वह्या काढल्या.

घरी आल्यावर स्वप्न पडलं. तलाव काठोकाठ भरला होता आणि पाण्याखाली कऱ्हाडची आपली गल्ली होती. आप्पा पायरीवर बसून वह्या चाळत होते आणि एकही पान भिजत नव्हतं. मी वरून हाका मारत होते, पण ते तुझी वही माझ्याकडे आणि माझी तुझ्याकडे द्यायची खूण करत होते. आठवतं ना, स्वतः कधी गणित तपासायचे नाहीत. एकाने सोडवायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि खाली ‘तपासणारा’ लिहून मारलेल्या रेघेवर त्याची सही झाल्याशिवाय गणित पुरं होत नाही. या खात्यात आल्यापासून मी प्रत्येक गावाचा आकडा तुझ्याकडूनच तपासून घेतला. लार्कमिलचा पुढच्या आठवड्यात पाठवते.

सुमेधाला सांग, मीठ कमी. लोभ मागून मिळतो असं तुला वाटत असेल तर वाटो, मी न मागता देते.

तुझी
ताई

॥ श्री ॥

एडिसन, २० सप्टेंबर १९८६

चि. उल्हास यास,
अ. उ. आ.

आकडा मागच्या पानावर आहे. तीन वेळा मांडला, तीनदा तोच आला. तरी तुझी सही होईपर्यंत मला तो खरा वाटणार नाही. महिन्याअखेर गावाला द्यायचाय, म्हणून लवकर.

अनिलला जे सांगितलं नाही ते तुला सांगते. मला भीती वाटतेय. खातं बंद झालं तर घर काही अडणार नाही, अनिलचा दवाखाना नीट चाललाय. पण सकाळी आरशासमोर साडी सोडून कोट घालते तेव्हा जी बाई दिसते, ती मी स्वतः घडवलीय. ती गेली तर तिच्या जागी कोण उभी राहील हे मला दिसत नाही. इतकंच.

हे वाचून फोन करू नकोस, मी हवेबद्दल बोलेन. लोभाच्या खाली रेघ मारून सही करून पाठव.

तुझी
ताई

॥ श्री ॥

एडिसन, ६ नोव्हेंबर १९८६

चि. उल्हास यास,
अ. उ. आ.

तुझ्याकडून काही येऊन दोन महिने झाले. परवा भाऊबीज झाली. तू नसलास की मी दरवर्षी चंद्राला ओवाळते. यंदा ढगांत चंद्र सापडेना, शेवटी अपार्टमेंटच्या पार्किंगमधल्या दिव्याला ओवाळलं. गाडी लावायला आलेल्या शेजारणीने चांगलं निरखून पाहिलं. त्याआधी फोन केला तर सुमेधा म्हणाली, उल्हास आंघोळीला गेलाय. पुन्हा केला तरी आंघोळीलाच. इतका स्वच्छ तू कधीपासून झालास?

लार्कमिल गेलं. आमच्या जवळजवळ निम्म्या दराने एका जपानी बँकेने नेलं. व्हिटकमने बँकेचं नाव सांगितलं आणि मला ते कुठेतरी वाचल्यासारखं वाटत राहिलं. घरी येऊन तुझं ऑगस्टचं पत्र काढलं. कागदाच्या माथ्यावर तेच नाव होतं.

मी दोन दिवस हे पत्र लिहायचं टाळलं. आता एकच विचारते आणि त्याचं उत्तर सरळ दे. वीस सप्टेंबरला मी तुला माझा आकडा पाठवला होता. तो तुझ्या टेबलावरून पुढे गेला का?

नाही म्हणालास तर मी विश्वास ठेवेन. हो म्हणालास तरी तू माझा भाऊच राहशील, पण यापुढे माझी गणितं मी एकटीच सोडवेन.

शरयू

॥ श्री ॥

सनीव्हेल, १२ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोबत तुझं वीस सप्टेंबरचं पाकीट परत पाठवतोय. मी ते उघडलेलं नाही. आत काय आहे ते मला अजून माहीत नाही.

तुझं नऊ सप्टेंबरचं पत्र मी गाडीत वाचलं. लार्कमिल, नळ, वह्या, आप्पा. वाचता वाचता धुकं आलं आणि मी छान गुंगीत ऑफिसात पोचलो. तीनच दिवसांनी आमच्या न्यूयॉर्क ऑफिसकडून एक कागद टेबलावर आला. पेनसिल्व्हेनियातल्या एका गावाला तलावासाठी हमी. दर आधीच ठरून आलेला, माझ्या चौकोनात फक्त शिक्का हवा होता. गावाचं नाव वाचलं आणि मला तो रंगीत पाण्याचा ग्लास समोर दिसायला लागला.

मी इशिकावासानकडे गेलो. सांगितलं की समोरच्या बँकेत माझी बहीण आहे, आमच्या घरी एकमेकांची गणितं तपासायची पद्धत आहे, आणि तिचा आकडा दोन-चार दिवसांत माझ्या घरी येईल. ते म्हणाले, पाकीट आलं की इथे आण. पंचवीस तारखेला मी ते त्यांच्यासमोर ठेवलं. पाकिटाच्या जोडावर, अर्धा वर अर्धा खाली, माझा शिक्का मारून तारीख घातली. तो तुला दिसेल, कुठेही तुटलेला नाही. मला वाटलं ते पाकीट तिजोरीत ठेवतील. ते म्हणाले, बहिणीचं पत्र बँकेत राहू नये, घरी ने. दीड महिना ते आमच्या देवांच्या मागे होतं.

त्या कागदावर मी शिक्का मारला नाही. माझा चौकोन रिकामाच टोकियोला गेला. तिकडून फोन आला की हा कोण माणूस. इशिकावासाननी सांगितलं, त्याच्याकडे कारण आहे आणि ते मला माहीत आहे. नवीन माणसाच्या नावापुढे ही गोष्ट चांगली दिसत नाही, एवढं मला कळतं.

पण ताई, मी खरं लपवलं ते हे नाही. दर मला माहीत होता. एका ओळीत मी तुला कळवू शकलो असतो की एवढ्यावर जाऊ नकोस, खाली ये. कदाचित तुझी खिडकी वाचलीही असती. मी ती ओळ लिहिली नाही. आणि पत्र लिहायला बसलो असतो तर ती आपोआप आली असती, म्हणून काहीच लिहिलं नाही. भाऊबीजेला तू फोन केलास तेव्हा मी आंघोळीला गेलो नव्हतो. फोनशेजारीच उभा होतो. सुमेधाने माझ्याकडे पाहिलं आणि मी मान हलवली. त्या दिवशी ती माझ्याशी जेवतानाही बोलली नाही.

मी तुझा आकडा पुढे दिला नाही, पण तुला वाचवलंही नाही. लोभ राहील की नाही, हे या खेपेला मी विचारतोय.

तुझा
उल्हास

॥ श्री ॥

एडिसन, २४ नोव्हेंबर १९८६

चि. उल्हास यास,
अ. उ. आ.

पाकीट मिळालं. शिक्का पाहिला. मृणालिनी म्हणाली, गोल्डफिशचं नाव असं लिहितात तर. पाकीट मीही उघडलं नाही, तसंच पेटीत ठेवलंय. आत काय लिहिलंय ते मला पाठ आहे, आणि तू ते वाचलं नाहीस हेच बरं झालं.

तुझ्यावर संशय घेतला याची लाज वाटते. तू ती ओळ लिहिली असतीस तर मी तिचं काय केलं असतं, हे स्वतःला बरेचदा विचारलं. उत्तर आवडलं नाही, म्हणून आता विचारत नाही. आप्पा असते तर दोघांच्या वह्या मिटून जेवायला बसा म्हणाले असते.

एकतीस डिसेंबरला खातं बंद होतंय. मला ओक ट्री रोडजवळच्या शाखेत काउंटर दिलाय, घरापासून पाच मिनिटं. दुपारी जेवायला घरी येता येईल. खिडकी तिथेही आहे, फक्त मधे काच आणि पलीकडे गिऱ्हाईक. शेजारच्या दुकानदाराने आत्ताच सांगून ठेवलंय की काकू, आमची रांग तुमच्याच खिडकीला.

लार्कमिलबद्दल आता मला काही विचारू नकोस. सांगण्यासारखं काही उरलेलं नाही. लोभ राहील का म्हणून विचारतोस? वेडाच आहेस.

तुझी
ताई

॥ श्री ॥

लार्कमिल, १८ एप्रिल १९८७

ती. ताईस,

या वेळी ‘सा. न.’ वर लिहीत नाही. का, ते शेवटी कळेल.

पत्ता वाचून समजलं असेल. मार्चमध्ये इशिकावासाननी मला बोलावलं आणि विचारलं की वीस वर्षांचा शब्द दिलाय ते गाव आपल्यापैकी कुणी पाहिलंय का. कुणीच पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, आमच्या घरात तिथलं पाणी प्यायलेलं एक माणूस आहे. ते म्हणाले, मग तूही जाऊन पिऊन ये.

गावाच्या वरच्या अंगाला खणलेल्या तलावाच्या काठावर बसून लिहितोय. दुपारचे चार वाजलेत. तळाशी वितळलेल्या बर्फाचं पाणी साचलंय आणि त्यात ढग हळूहळू सरकताहेत. यंत्रं थांबली की इतकं शांत होतं की तुझ्या स्वप्नातली गल्ली खाली आहे की काय, असं वाटून मी दोनदा वाकून पाहिलं.

सकाळी व्हिटकमना भेटलो. त्यांनी न बोलता पाण्याचा ग्लास समोर ठेवला. मी तो प्यायलो. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं की पाणी असं एका दमात पिणारी एक बाई इथे येऊन गेली होती, तुम्ही तिचे कोण. मी सांगितलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि तू जे माझ्यापासून लपवलंस ते सगळं सांगितलं.

ऑक्टोबरच्या शेवटी दोन्ही दर त्यांच्यासमोर होते. आमचा निम्मा होता, तरी गावाच्या पाचही पंचांनी तुझ्याकडेच राहायचं ठरवलं होतं. कारण एवढंच की तू त्यांचं पाणी प्यायलीस. त्यांनी ते तुला फोनवर कळवलं. ताई, ती खिडकी तुझी झाली होती. फक्त गप्प बसायचं होतं.

आणि तू ऐन दिवाळीच्या शनिवारी, मृणालिनीला गाडीत मागे झोपवून, करंज्यांचा डबा घेऊन इथे आलीस. व्हिटकमच्या टेबलाशी बसून गणित मांडून दाखवलंस की तुझा महाग दर घेतला तर घरटी पाणीपट्टी किती वाढेल, आणि ती वीस वर्षं कोण कोण भरत राहील. स्वस्त हमी घ्या, असं तू स्वतः सांगितलंस. व्हिटकमनी विचारलं, मग तुमचं काय. तू म्हणालीस, मला घराजवळ शाखा मिळेल. नंतर त्यांनी आमच्या बँकेचं नाव सांगितलं, तेव्हा तू आणखी एक ग्लास पाणी मागितलंस. त्यानंतर घरी जाऊन तू मला ते सहा नोव्हेंबरचं पत्र लिहिलंस, आणि त्यात यातलं एक अक्षरही नाही. मी मात्र दीड महिना पाकीट उघडलं नाही म्हणून स्वतःला मोठा समजत होतो.

तुझा तो कागद व्हिटकमनी जपून ठेवलाय. सगळं इंग्रजीत, पण अगदी खाली कोपऱ्यात मराठीत एक शब्द आणि पुढे रेघ. हे काय लिहिलंय, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, ‘तपासणारा’. ती सवयीने मारली असशील. रेघेवर काही नव्हतं.

मी तिथेच बसून गणित तपासलं. व्हिटकमनी पेन्सिलीला टोक करून दिलं. अर्धा तास लागला. कुठेही चूक नाही. कागद मागितला तर त्यांनी दिला, सोबत पाठवतोय.

त्या रेघेवर सही नाही, शिक्का मारलाय. डावीकडे तुझं नाव आहे, म्हणून त्या बाजूला कलता धरला, मग आणखी थोडा, मग आणखी. शेवटी पूर्ण आडवा झाला. व्हिटकमना वाटलं, हात घसरला. इशिकावासानच्या पुस्तकात असा शिक्का बसत नाही, पण कऱ्हाडला त्याला जे म्हणतात ते मी आजवर तुला नुसतं लिहीत आलो. आज प्रत्यक्ष केलाय, पाहून घे.

तुझा
उल्हास